जगल्या पोराचं कापड

माझा मुलगा अडीच वर्षांचा होत आला, तरी त्याच्या अंगाला नवं कापड लागलेलं नाही. ऐपत नाही म्हणून नव्हे. नवरा बँकेत आहे, मी हायस्कूलला विज्ञान शिकवते, दारात चारचाकी आहे. घालायचं नाही म्हणून घातलेलं नाही. पाच वर्षांचा होईतोवर त्यानं दुसऱ्याच्या पोराचं उतरलेलं घालायचं, आणि ते पोर जगलं-वाचलेलं पाहिजे, असं सासूबाईंनी तो पोटात होता तेव्हाच बोलून ठेवलं. कारण त्याच्या आधीची माझी मुलगी गेली. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात गेली. तेव्हा ती तिसऱ्या वर्षात होती.

मुलगा झाला तेव्हा सासूबाईंनी त्याला सुपात घातला, शेजारणीच्या ओटीत टाकला आणि मूठभर तांदूळ देऊन परत विकत घेतला. म्हणजे तो आमचा नव्हे, विकतचा. आमच्या घरावर ज्याची नजर आहे त्यानं याच्याकडं बघायचं कारण नाही. घरात त्याला एका घाणेरड्या नावानं हाक मारतात, ते मी इथं लिहीत नाही. या सगळ्याचा मला संताप यायचा, अजून येतो. वर्गात पोरांना सांगते, पडताळून बघितल्याशिवाय काही मानायचं नाही. घरी येऊन पोराला कुणाचं तरी उसवलेलं टोपडं घालते. कुठल्या तोंडानं शिकवते ते माझं मला माहीत. पण भांडून भांडून किती भांडणार? एकदा पोर गेलं की बाईच्या अंगात भांडायचं बळ राहत नाही, आणि थोडंफार राहिलं तरी ती ते दुसऱ्या पोरावर लावून बघत नाही.

पहिलं वर्षभर नणंद पिशव्या भरून कपडे पाठवायची. मग तिचा धाकटा सायकलवरनं पडला आणि त्याचा हात मोडला. कुणीतरी तिच्या कानात भरलं, आपल्या पोराचं आयुष्य तिकडं चाललंय म्हणून. पिशव्या बंद झाल्या. जावेनं तर आधीच ‘सगळे कपडे अनाथाश्रमाला दिले हो’ म्हणून हात झटकले होते. राग कसला धरायचा? आपल्या पोरातलं कोण वाटून देईल? मीही दिलं नसतं.

तेव्हापासून आम्ही जुन्या बाजारात जातो. कोल्हापुरात नाही. तिथं माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप भेटतात, आणि ‘मॅडम, तुम्ही हिथं?’ या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही. शिवाय सासूबाईंचं म्हणणं, कापड नदीपलीकडचं असावं, म्हणजे ज्याचं आहे त्याच्या घरची काही ओढ मागं लागत नाही. म्हणून गडहिंग्लज. दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, नद्यांना तोटा नाही.

मी सांगतेय तो रविवार थंडीतला. थंडी बरी पडली होती आणि मुलाला गेल्या वर्षीचं काही होत नव्हतं. सकाळी निघालो. नवरा गाडी चालवायला, सासूबाई पुढं, मागं मी आणि हा. अडीच वर्षांचं पोर घेऊन लांब जायचं म्हणजे काय हाल असतात ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. कागल येईपर्यंत यानं दोन्ही बूट काढून एक पुढच्या सीटखाली सारला. निपाणीपर्यंत केळ खाल्लं, अर्धं माझ्या साडीला पुसलं. उसाच्या ट्रॉल्या ओळीनं चालल्या होत्या, ट्रॅक्टरवर गाणी दणदणत होती, आणि प्रत्येक ट्रॅक्टर दिसला की हा ‘बाबा ऊऽस, बाबा ऊऽस’ म्हणून किंचाळायचा. तवंदी घाटात ओकला. सासूबाई मागं वळून म्हणाल्या, “सकाळच्या पारी केळ कशाला दिलंस गं?” मी म्हटलं, “मग काय उपाशी न्यायचं होतं?” नवरा आरशातनं बघत होता. तो अशा वेळी कधीच काही बोलत नाही. मुलगी गेल्यापासून हा माणूस बँकेतलं बोलणं बँकेत संपवून येतो आणि घरी रिकामा बसतो.

मुलीबद्दल तर आमच्यात बोलायचंच नाही. तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्या वाढदिवसाचा विषय काढायचा नाही. फोटो आहेत, मोबाइलमध्ये आहेत, मी ते शाळेतल्या स्टाफरूममध्ये बघते. पण फोटोला हात लावला की काच लागते. तिची वस्तू म्हणून एकही माझ्याजवळ नाही. ती गेल्यावर मला माहेरी नेलं होतं. परत आले तर कपाटाचा तिचा खण मोकळा, कागद बदललेला, आणि ओट्यावर झाकणाचा नवा स्टीलचा डबा. सासूबाईंनी सगळे कपडे भांडीवालीला देऊन डबा घेतला होता. “घरात ठिवू नये गं,” म्हणाल्या, “तुलाच त्रास.” मी तो डबा उचलून अंगणात भिरकावला. त्याला पोचा पडला. पोच्यासकट तो अजून वापरात आहे, त्यात साखर असते.

बाजार नेहमीसारखाच भरला होता. भाजीची ओळ संपली की जुन्याचा भाग लागतो. किल्ली नसलेली कुलपं, पाती नसलेले पंखे, रिमोट, चार्जर, एका पायाचे बूट, नळाच्या तोट्या, आणि त्याच्या पुढं ताडपत्र्यांवर कपड्यांचे ढीग. ढिगामागं बहुतेक बायकाच. आम्ही नेहमी जिच्याकडं घेतो ती बाई लहान पोरांचंच ठेवते. तिच्या बोलण्यात कानडी हेल आहे. आम्ही का येतो ते तिनं पहिल्याच वेळी ओळखलं होतं. आमच्यासारख्या आणखी पुष्कळ जणी येत असाव्यात. लांबनं बघूनच म्हणाली, “या अक्का, या. थंडीचं आलंय बगा. समदं जगल्या पोरांचं हाय, मी इचारून घेतो.”

नवरा गाडी नीट लावायला मागं राहिला होता. सासूबाई ढिगाजवळ बसल्या आणि उलथापालथ करायला लागल्या. त्यांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. त्या रंग बघत नाहीत, कापड चिमटीत धरून बघतात. मी मुलाला कडेवर घेऊन उभी होते आणि तो खाली उतरायला धडपडत होता, कारण शेजारच्या ताडपत्रीवर एक मोडकी तीनचाकी होती.

“ह्यो बघ,” सासूबाई म्हणाल्या. “हातानं इणल्याला हाय. ऊब धरंल. घाल बघू.”

पिवळा स्वेटर होता. मी काही बघितलंसुद्धा नाही. मुलाला खाली उभा केला, त्याचे हात त्यांनीच बाह्यांत घातले, बटणं लावली. त्याला बटणं फार आवडतात. तो एकदम गप्प झाला आणि हनुवटी छातीला लावून एकेक बटण दाबत बसला. बाही दुमडायला म्हणून मी वाकले. उजवी बाही बरोबर होती. डावी बोटांवरनं खाली येत होती.

काय सांगू, आधी माझ्या हातांना कळलं आणि मग मला. डावी बाही लांब झाली होती, कारण ती विणताना मी सातवा महिना लागल्याच्या खुशीत होते, टाके मोजलेच नाहीत. उसवायचा कंटाळा केला. सगळाच मोठ्या मापाचा विणला होता, दोन-तीन थंड्या पुरावा म्हणून. मुलगी ती लांब बाही तोंडात धरून चोखायची. आणि खिशाच्या वर हिरवी शिवण होती. फाटकाच्या खिळ्याला लागून फाटला तेव्हा पिवळी लोकर संपली होती, म्हणून मी हिरव्या लोकरीनं शिवला होता. हिरवी शिवण तिथंच होती.

माझा मुलगा माझ्या मुलीच्या स्वेटरात उभा होता आणि हसत होता.

मी विज्ञान शिकवते ना? लोकर म्हणजे काय, ते मला माहीत आहे. मेंढीचे केस. त्यात काही राहत नाही, काही चिकटत नाही, साबणाच्या पाण्यात दोनदा बुडवलं की संपलं. हे सगळं माहीत असलेली बाई मी, त्या पोरावर तुटून पडले. बटणं काढायलासुद्धा थांबले नाही, डोक्यावरनं ओढला. त्याचा कान दुमडला, तो कळवळला आणि असं भोकाड पसरलं त्यानं की पलीकडचा कुलपंवाला उठून उभा राहिला.

“अगं ए! येड लागलं का तुला?” सासूबाई ओरडल्या. “काय झालं?”

“मापाला बसत नाही,” मी म्हटलं.

“झ्याक होतंय की! कान पिळून काढलास पोराचा. आण हिकडं.”

“नको म्हटलं ना!”

तेवढ्यात नवरा आला. त्याच्या हातात भज्यांचा पुडा होता. त्यानं पोर रडतंय ते बघितलं, माझं तोंड बघितलं, आणि मग माझ्या हातात काय आहे ते बघितलं. पुडा त्यानं तसाच ताडपत्रीवर ठेवला. स्वेटर माझ्या हातातनं घेतला, उलटा केला, डावी बाही सरळ करून बघितली. आणि भर बाजारात, शंभर माणसांत, हा माणूस त्यात तोंड घालून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मुलगी गेली तेव्हासुद्धा मी त्याला असा बघितला नव्हता.

सासूबाई उठल्या. त्यांना कळलं. “ठेव,” त्या हळू आवाजात मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणाल्या. “ठेव बाबा तो तिथं. चला. काय बोलू नका.”

“मी ठेवणार नाही,” मी म्हटलं.

ढिगामागची बाई घाबरून बघत होती. तिला वाटलं, आमचं मालावरनं काही बिनसलं. “काय अक्का? फाटलाय का? मला सांगा की, दुसरा देतो.”

“हा माझ्या मुलीचा आहे,” मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं बाहेर पडलं की त्याचा आवाज आपल्या हातात राहत नाही. “मी विणलाय. माझ्या मुलीचा आहे.”

“असंल की,” बाई म्हणाली. बिचारी समजूत घालायला बघत होती. “भांडीवाल्या कुठनं कुठनं आणून देत्यात. मग चांगलंच की. तुमच्याच लेकीचा, भावाला झाला.” आणि मग तिनं साहजिकच विचारलं, “पोरगी कुठाय? आज आणली न्हाई व्हय?”

सासूबाईंनी माझं मनगट धरलं होतं. त्यांची नखं रुतत होती.

“गेली,” मी म्हटलं.

ढिगाभोवती पाच-सहा बायका होत्या. एकीच्या मांडीवर बाळ होतं आणि ती त्याला एक कुंची लावून बघत होती. तिनं कुंची काढली आणि ढिगावर टाकली. दुसरीनं पिशवीत भरलेले कपडे परत ओतले. बाळवालीनं पदर बाळाच्या डोक्यावरनं घेतला आणि माझ्या मुलाकडं, जो अजून हुंदके देत उभा होता, असं बघितलं की मला तिचे डोळे काढावेसे वाटले. दोन मिनिटांत ढिगाजवळ आम्ही सोडून कुणी नव्हतं.

मग ती बाई बोलायला लागली. काय काय बोलली! “मी इचारून घेतो म्हणून माझ्याकडं येत्यात बायका! तुमीच इकायचं, तुमीच येऊन वराडायचं? माझा धंदा बसिवला की वो! मेल्याल्या पोराचं देताना लाज न्हाई वाटली? घिऊन जावा! घिऊन जावा ते आदी हितनं!” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती कुंची, ते सगळे कपडे ती आता एकदा हातात घेऊन बघत होती आणि परत टाकत होती, कारण तिलाही आता त्यातलं कुठलं कुणाचं ते कळत नव्हतं. तिचं काही चुकलं नव्हतं. नवऱ्यानं पैसे पुढं केले, ते तिनं घेतले नाहीत.

गाडीत बसलो. स्वेटर माझ्या मांडीवर, मुलगा पलीकडच्या खिडकीशी. मी त्याला स्वेटराच्या अंगाला बसू दिलं नव्हतं. तो हात पुढं करून “माजं, माजं” म्हणत होता. मी नाही म्हणत होते.

गावाबाहेर हिरण्यकेशीचा पूल आला तसं सासूबाई म्हणाल्या, “थांबीव.” नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. “सोडून दे पाण्यात,” त्या पुढं बघत म्हणाल्या. “पोरासाठी सांगतो. माझ्यासाठी न्हवं.”

“काही सोडायचं नाही,” नवरा म्हणाला. इतका वेळ त्याच्या तोंडातनं निघालेलं पहिलं वाक्य. “एवढाच तर आहे. तो घरी येणार.”

मी स्वेटर उघडून बघत होते. नाकाला लावला तर साबणाचा आणि ताडपत्रीचा वास. आणि मग मला दिसलं की डाव्या कोपराला रफू आहे. मी केलेला नव्हे, लाल दोऱ्याचा, बारीक, नेटका. कोपर चांगलं झिजलं होतं. वरचं बटण निळं होतं, शर्टाचं. माझी सगळी पिवळी होती. माझ्या मुलीनंतर कुणीतरी हा घातला होता, एक-दोन थंड्या घातला होता, त्यात खेळलं होतं, पडलं होतं, आणि त्या पोराच्या आईनं बसून तो रफू केला होता.

मी ते सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चिमटीत धरून रफूवरनं अंगठा फिरवला, बटण चाचपलं. बराच वेळ त्या तसंच करत होत्या. मग त्यांचा आवाज बदलला. मला वाटतं, त्यांनाही तो टाकवत नव्हता. त्यांची पहिली नात होती ती, त्यांच्याच अंगावर झोपायची.

“म्हंजे वापरलाय कुणीतरी,” त्या म्हणाल्या. “वाढलंय की गं त्यात पोर. मग न्हाई काय त्याला. ठेव तुझ्यापाशी. ह्याला घालू नको म्हंजे झालं. ठेव पोरी.”

नवऱ्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि श्वास सोडला. झालं होतं. सगळं मिटलं होतं. सासूबाईंनी स्वतः हो म्हटलं होतं, नवऱ्याला पाहिजे होता, मला तर त्याहून पाहिजे होता. माझ्या मुलीची एक वस्तू माझ्या हातात होती आणि ती घरी न्यायला जगातलं कुणी आडवं येत नव्हतं.

“आणि ते पोर नसलं तर?” मी म्हटलं.

“कुठलं?”

“हे रफूवालं. ते मोठं झालं म्हणून त्याच्या आईनं स्वेटर दिला, कशावरनं? आपल्या घरनं गेला तसाच दिला असला तर?”

सासूबाईंनी रफूवरनं फिरवलेला अंगठा पदराला पुसला. नवरा म्हणाला, “अगं, असं काही नसतं. तूच सांगतेस की नेहमी. तूच सांगत असतेस ना मला?”

मी सांगत असते. मी दार उघडून खाली उतरले. कठड्याशी गेले. पाणी बेताचंच होतं, हिरवट. ती लांब बाही मी एकदा तोंडात धरली. लोकरीची चव लागली, दुसरी कसली नाही. मग सोडला. तो वाऱ्यानं जरा फुगला, पडला, आणि भिजेपर्यंत वरच राहिला.

मागं वळून बघितलं तर मुलानं खिडकीच्या काचेला नाक लावलं होतं. स्वेटर चाललाय हे त्याला कळलं असावं. कुणीही चाललं की तो करतो तेच त्यानं केलं, हात हलवायला लागला. “टाटा,” म्हणाला. “टाटाऽ!”

मी धावत गेले, दार उघडलं आणि त्याचा हात धरून खाली दाबला. “तिकडं हात करायचा नाही,” मी म्हटलं. “तिकडं बघायचंसुद्धा नाही.” तो रडायला लागला. सासूबाई मागं वळून माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांना माझी भीती वाटत होती.